गाडी बुक करण्याआधी लायसन्स बघा : ठाणे-नवी मुंबईतील सहल-व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील सर्व सहल-व्यावसायिक

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात राहते, महापेला नोकरी करते आणि गेली बावीस वर्षं गाडी चालवते. कळव्याचा पूल, विटावा, दिघा, ठाणे-बेलापूर रस्ता ही माझी रोजची वाट. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचलेलं असताना, शेजारून डंपर घासत जात असताना मी गाडी काढलेली आहे. हे एवढ्यासाठी सांगते की गाडी मला चालवता येते. माझ्याकडे कागद नव्हता. आणि तो लागतो हे ज्यांनी पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं, त्यांनी सांगितलं नाही.

तुमच्यापैकी प्रत्येक जण असं करतो असं माझं म्हणणं नाही. ज्यांनी केलं त्यांचं नाव मी इथे घेणार नाही, त्यांच्याशी माझं बोलून झालं आहे. तरी हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे, कारण परत आल्यावर मी ठाण्यात आणि वाशीत मिळून सात-आठ ठिकाणी मुद्दाम चौकशी केली. 'परदेशात स्वतः गाडी चालवायची आहे, लायसन्सचं काय?' असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं : "मॅडम, आपलं लायसन्स इंग्रजीत असतं, सगळीकडे चालतं." फक्त एका ठिकाणी, वाशीतल्या एका लहानशा दुकानात, बसलेल्या मुलीने मला उलट प्रश्न विचारला, "कुठल्या देशात जाताय?" एवढा एक प्रश्न तुम्ही सगळ्यांनी विचारावा, यासाठी हा सगळा खटाटोप.

गेल्या जुलैत आम्ही जपानला, होक्काइदोला गेलो. मी, यजमान, दोन मुलं आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. फुरानोची लॅव्हेंडरची शेतं सासूबाईंनी कधीतरी टीव्हीवर पाहिली होती आणि तेव्हापासून ती त्यांच्या मनात बसली होती. त्यांचे गुडघे दुखतात. जिने, फलाट, बॅगा ओढणं नको, वाटेत हवं तिथे थांबता यावं, म्हणून आम्ही सेल्फ ड्राइव्हचं पॅकेज घेतलं. जपानमध्येही वाहतूक डावीकडून चालते, स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे मनात धाकधूक नव्हती. बुकिंगच्या वेळी मी लायसन्सचं विचारलं होतं. 'चालतं' असं उत्तर आलं. मग दोन आठवड्यांनी फोन आला : खबरदारी म्हणून इंटरनॅशनल लायसन्स काढून घेऊ, आम्हीच ऑनलाइन करून देतो, माणशी साडेचार हजार. मी आणि यजमान, दोघांचे पैसे भरले. फोटो आणि लायसन्सची छायाचित्रं व्हॉट्सॲपवर पाठवली. सहाव्या दिवशी घरी पाकीट आलं. आत एक चकचकीत प्लास्टिकचं कार्ड, एक करड्या रंगाची छोटी पुस्तिका, तिच्यावर पृथ्वीगोलाचं चित्र आणि मुदत दहा वर्षं. आरटीओत जावं लागलं नाही, कुणी मूळ लायसन्स बघितलं नाही, कुठे सही केली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आपण ज्यांच्याकडे लाखो रुपये भरलेले असतात त्यांच्यावर आपला विश्वास असतो.

न्यू चितोसे विमानतळावर उतरलो. भाड्याच्या गाड्यांची कार्यालयं टर्मिनलच्या बाहेर आहेत, तिथपर्यंत त्यांची बस नेते. काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट घेतले, मूळ लायसन्स घेतलं, पुस्तिका उघडली, थांबली आणि आतून एका वरिष्ठांना बोलावून आणलं. त्यांनी एक लॅमिनेट केलेला कागद आणला. त्यावर वेगवेगळ्या देशांच्या परवान्यांचे नमुने होते. भारताच्या नमुन्यावर त्यांनी बोट ठेवलं, मग आमच्या पुस्तिकेवर, आणि मान हलवली. मी हुज्जत घातली. बावीस वर्षांचं लायसन्स दाखवलं, बुकिंगचं व्हाउचर दाखवलं, आम्ही सगळे पैसे आधीच भरले आहेत हे तीन वेळा सांगितलं. त्यांनी दोनदा कमरेत वाकून क्षमा मागितली. किल्ली दिली नाही.

आज मला माहीत आहे की त्या गृहस्थांचं काहीच चुकलं नव्हतं. जपानमध्ये वैध परवान्याशिवाय गाडी चालवणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि परवाना नाही हे ठाऊक असूनही जो गाडी देतो तोही शिक्षेला पात्र ठरतो. त्यांनी दयेपोटी किल्ली दिली असती तर मी गुन्हेगार झाले असते. माझ्या हातून एखाद्या सायकलवाल्याला धक्का लागला असता तर पुढे काय झालं असतं, याचा विचार मी आजही रात्री करते.

आम्ही त्याच बसने विमानतळावर परत आलो आणि सापोरोची गाडी पकडली. कुश्शारो तलावाकाठच्या घराचे दोन रात्रींचे पैसे बुडाले, कारण तिथे सामान आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन बस-रेल्वेने वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. गाडीचं भाडंही परत मिळालं नाही : परवाना नसल्यामुळे गाडी नाकारली गेली तर तो ग्राहकाचा दोष, असं अटींमध्ये लिहिलेलं होतं. त्या अटी आम्हाला इंग्रजीत, बारीक अक्षरात, सहलीच्या चार दिवस आधी मेलवर आल्या होत्या. फुरानोला आम्ही रेल्वेने गेलो, ताकिकावाला गाडी बदलून. तिथल्या फलाटावर सासूबाई बाकावर बसल्या होत्या, पाय सुजलेले, मांडीवर पर्स. मी त्यांची माफी मागितली तर म्हणाल्या, "अगं, रेल्वेतून जास्त दिसतं." त्या माझी समजूत घालत होत्या, हे मला कळत होतं.

आता त्या कागदाविषयी.

'इंटरनॅशनल लायसन्स' असं आपण सगळेच म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जगभर चालणारं लायसन्स नावाची वस्तू अस्तित्वात नाही. जे असतं ते इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. ते तुमच्या देशी लायसन्सचं ठरावीक नमुन्यातलं, अनेक भाषांतलं भाषांतर असतं. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला काही किंमत नाही. या नमुन्यामागे रस्ते वाहतुकीविषयीचा जिनेव्हा करार आहे. तो १९ सप्टेंबर १९४९ रोजी झाला आणि १९५२ पासून अमलात आला. भारत त्यात सहभागी आहे, जपानही आहे. जपान परदेशी पाहुण्यांचं आयडीपी मानतं ते याच १९४९ च्या करारातल्या नमुन्याचं. म्हणजे आमच्याकडे आपल्या आरटीओचं खरं आयडीपी असतं तर ती किल्ली पाच मिनिटांत आमच्या हातात पडली असती. काही देशांच्या लायसन्सला जपानमध्ये नुसतं जपानी भाषांतर जोडलं तरी चालतं, स्वित्झर्लंड, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, तैवान अशी ती मोजकी नावं आहेत. भारत त्यात नाही. आपल्यासाठी आयडीपी हाच मार्ग.

आणि या कराराच्या नमुन्यातलं आयडीपी एक वर्षासाठीच असतं. भारतीय लायसन्सवर काढलेलं दहा वर्षांचं, पाच वर्षांचं, तीन वर्षांचं कार्ड कुणी तुमच्यापुढे ठेवलं तर आत काय छापलं आहे हे वाचायचीसुद्धा गरज नाही, मुदतच सांगते की हे खोटं आहे. तुमच्यापैकी जे ग्राहकांना अशा संकेतस्थळांवरून कार्डं काढून देतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : बंद करा. कदाचित तुम्हालाही खरं वाटत असेल, त्या पुस्तिका दिसायला खऱ्यासारख्याच असतात. पण तुम्ही ती ग्राहकाच्या हातात देता तेव्हा तो तुमच्या शब्दावर विसंबून परक्या देशाच्या पोलिसांसमोर उभा राहणार असतो.

खरं आयडीपी काढायला किती कष्ट पडतात? परत आल्यावर मी ते काढलं, केवळ हे कळावं म्हणून. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज होतो, तो नमुना ४-ए. नियमाप्रमाणे फी एक हजार रुपये, वर थोडं सेवाशुल्क. पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट नाही. लायसन्स, पासपोर्ट, फोटो, प्रवासाची कागदपत्रं. साडेचार हजारांच्या खोट्या कार्डापेक्षा हजार रुपयांचा खरा कागद स्वस्त होता, आणि तो माझ्या घरापासून काही किलोमीटरवर मिळत होता. ठाण्याचं कार्यालय एमएच-०४, कल्याणचं ०५, नवी मुंबईचं ४३, पनवेलचं ४६. आपल्या भागातल्या कुणालाही यासाठी लांब जावं लागत नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण मला चार ठिकाणी चुकीचं सांगितलं गेलं. 'व्हिसा हातात आल्याशिवाय आयडीपी होत नाही' आणि 'डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं' असं अजून सर्रास बोललं जातं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढून टाकल्या आहेत. कारणही सरळ आहे : ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे त्याची तब्येत आधीच तपासलेली असते, आणि कित्येक देशांचा व्हिसा पोहोचल्यावर किंवा अगदी शेवटच्या क्षणी मिळतो. त्याच अधिसूचनेने परदेशात असताना मुदत संपलेल्या आयडीपीचं नूतनीकरण भारतीय दूतावासामार्फत करण्याची सोय केली. पुढे २६ ऑगस्ट २०२२ ला देशभरासाठी एकच नमुना, एकच आकार आणि रंग ठरला, परमिट मूळ लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड आला. त्याआधी राज्याराज्यांत पुस्तिका वेगवेगळ्या दिसत आणि परदेशातले लोक संशयाने बघत. खिडकीवर कुणी जुनी अट सांगितली तर ग्राहकाला या अधिसूचनेची प्रत छापून द्या. तुमच्यासाठी तो एका पानाचा खर्च आहे.

आता जी गोष्ट तुमच्या धंद्याला सगळ्यात जवळची आहे तिच्याकडे येते. 'सगळीकडे चालतं' हे उत्तर चूक आहे, तसंच 'सगळीकडे आयडीपी लागतं' हेही चूक. देशागणिक नियम वेगळा आहे. ब्रिटनमध्ये आपल्या भारतीय लायसन्सवर पाहुणा बारा महिन्यांपर्यंत साधी कार चालवू शकतो. न्यूझीलंडमध्येही इंग्रजीतलं लायसन्स चालतं. याच दोन देशांच्या अनुभवावरून आपल्याकडे 'इंग्रजी आहे ना, मग झालं' हा समज पसरला असावा. इटलीत मात्र आपल्या लायसन्सबरोबर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतं. चीन तर आयडीपी मानतच नाही. तिथे गाडी चालवायची तर त्यांचा स्वतःचा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, त्यावर गाडी देणाऱ्या कंपनीचं वेगळं. कायद्याला चालतं ते कंपनीला चालतंच असं नाही, हा मुद्दा कुठल्याही देशात लक्षात ठेवावा लागतो. नेपाळला कुणी स्वतःची गाडी घेऊन निघालं तर लायसन्सपेक्षा गाडीचाच कागद महत्त्वाचा, सीमेवर भन्सार, म्हणजे तिथलं सीमाशुल्क, भरून परमिट घ्यायचं.

दुबईचं थोडं जास्त सांगते, कारण आपल्या ठाण्या-वाशीतून तिथे जाणाऱ्यांना तोटा नाही. मुलगा तिथे नोकरीला, आई-वडील महिनाभर राहायला जातात आणि मुलाची गाडी घेऊन बाहेर पडतात. व्हिजिट व्हिसावर गेलेल्या आई-वडिलांना भारतीय लायसन्सबरोबर आयडीपी लागतं. पण तोच मुलगा निवासी व्हिसा मिळाल्यावर आयडीपीवर गाडी चालवू शकत नाही, त्याला तिथलं लायसन्स काढावंच लागतं. एकाच घरातली तीन माणसं, एकच गाडी, आणि नियम दोन. हा फरक मी पाच जणांना विचारला, फक्त एकाला माहीत होता. शिवाय तिथे वाहतूक उजवीकडून. साठी ओलांडलेल्या, आयुष्यभर घोडबंदर रोडवर डावीकडून चालवलेल्या माणसाला पहिल्या दिवशी शेख झायेद रोडवर पाठवू नका, एवढं तरी मुलाला आवर्जून सांगा.

थायलंडविषयी लिहिताना माझा हात जड होतो. आमच्याच सोसायटीतला एक मुलगा मित्रांबरोबर फुकेतला गेला होता. समुद्रकिनाऱ्यावर स्कूटर भाड्याने देणारे लोक पासपोर्ट ठेवून घेतात आणि किल्ली देतात, लायसन्स विचारतही नाहीत. त्याच्याकडे लायसन्स होतं, पण फक्त एलएमव्हीचं, चारचाकीचं. वळणावर वाळूवरून स्कूटर घसरली, मांडीचं हाड मोडलं. प्रवासविमा होता. विमा कंपनीने कागद मागितले आणि दावा नाकारला, कारण जी गाडी तो चालवत होता ती चालवण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. तिथल्या हॉस्पिटलचं बिल भरायला त्याच्या वडिलांनी फिक्स्ड डिपॉझिट मोडलं.

आयडीपीवर वाहनांचे वर्ग छापलेले असतात. मोटरसायकल 'ए' मध्ये, साधी कार 'बी' मध्ये, आणि मूळ लायसन्सवर जो वर्ग आहे तोच आयडीपीवर येतो. आपल्या लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी, म्हणजे गिअरच्या दुचाकीचा वर्ग, नसेल तर परदेशात दुचाकीला हात लावायचा नाही. बाली असो, फुकेत असो. तुमच्या आयटिनररीत 'दिवस ३ : मोकळा वेळ, स्कूटर भाड्याने घेऊन बेट बघा' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. त्या ओळीखाली 'दुचाकीचं लायसन्स आणि आयडीपी असेल तरच' एवढे शब्द घाला. ते शब्द असते तर तो मुलगा आज काठी घेऊन चालला नसता, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, पोरं ऐकतातच असं नाही. पण त्याच्या आईला निदान 'कुणीच सांगितलं नाही' असं म्हणावं लागलं नसतं.

काही गोष्टी अशा आहेत की त्या आपल्याच लोकांच्या बाबतीत अडचणीच्या ठरतात आणि त्या फक्त तुम्हीच वेळेवर पकडू शकता. पहिली म्हणजे बायकांचं नाव. माझ्या मैत्रिणीने लग्नाआधी लायसन्स काढलं, ते माहेरच्या नावाने आहे : तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आयडीपी लायसन्सवरून होतं, गाडीचं बुकिंग पासपोर्टवरून आणि डिपॉझिट क्रेडिट कार्डावरून. तीन कागद, दोन बायका! परदेशातल्या काउंटरवरच्या माणसाला आपली नाव बदलण्याची रीत समजावून सांगत बसायची वेळ कुणावर का यावी? लायसन्सवरचं नाव बदलून घेता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ बुकिंगच्या दिवशीच सुरू व्हायला हवा.

दुसरी गोष्ट जुन्या लायसन्सची. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या कित्येकांकडे अजून कागदी, हाताने लिहिलेलं लायसन्स आहे. त्याची नोंद सारथीवर नसते. आधी आरटीओत जाऊन बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. साठ-पासष्टीचे काका-काकू अलीकडे मोठ्या हौसेने स्कॉटलंड, न्यूझीलंड करतात. त्यांच्या हातात ते पिवळं पडलेलं लायसन्स आहे का, त्याची मुदत कधी संपते, हे बुकिंगच्या दिवशी बघा. लायसन्सची मुदत आधी संपत असेल तर आयडीपीही तिथेच संपतं.

तिसरी, आपल्याकडे आता लायसन्स मोबाइलवर दाखवलं तरी पोलिस मान्य करतात, डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर असलं की पुरतं. त्यामुळे तरुण मुलं मूळ कार्ड घरी कपाटात ठेवून निघतात. परदेशात हातात धरायचं कार्डच लागतं. आणि गाडीचं डिपॉझिट बहुतेक कंपन्या गाडी चालवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवून ठेवतात. नवऱ्याचं कार्ड आणि बायको चालवणार, किंवा फक्त फॉरेक्स कार्ड, असं असलं की तिथेही अडतं.

इटलीच्या गावांबद्दल एक वाक्य, कारण ते तुमच्या पॅकेजमध्ये नेहमी असतं. फ्लोरेन्ससारख्या शहरांच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, त्याला झेडटीएल म्हणतात. वेशीवर कॅमेरे असतात, कुणी अडवत नाही. दंडाची नोटीस काही महिन्यांनी ठाण्यातल्या पत्त्यावर येते, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाली कंपनी वेगळे पैसे कापून घेते. हॉटेल त्या हद्दीच्या आत असेल तर हॉटेलकडून गाडीचा नंबर आधी नोंदवून घ्यावा लागतो. हॉटेलचं बुकिंग तुम्हीच करता, म्हणजे हे तुम्हाला बुकिंगच्या वेळीच कळू शकतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं बघणं ग्राहकाचं काम आहे. अर्धं मान्य आहे. मीही दहा वर्षांची मुदत बघून गप्प बसले, ती माझी चूक. पण तुम्ही व्हिसाचे कागद तपासता ना? पासपोर्टला सहा महिने शिल्लक आहेत का बघता, फोटोची पार्श्वभूमी पांढरी आहे का बघता, कारण ते चुकलं तर सहल होत नाही. सेल्फ ड्राइव्हच्या पॅकेजमध्ये लायसन्स चुकलं तरी सहल होत नाही. मग ते व्हिसाच्याच यादीत का नको? गाडी तुम्ही विकता, तिच्यावरचं कमिशन तुम्हाला मिळतं. तिची किल्ली ग्राहकाला मिळेल की नाही, हे बघणं त्यात आलं.

माझं मागणं फार मोठं नाही. सेल्फ ड्राइव्हच्या प्रत्येक कोटेशनवर, किमतीच्या वर, मराठीत एक रकाना छापा : या देशात भारतीय लायसन्स चालतं का, आयडीपी लागतं का, आणखी काही परवाना लागतो का. माहिती त्या देशाच्या सरकारी वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावरून घ्या, आणि गाडी देणाऱ्या कंपनीकडून लेखी उत्तर मागवून फाइलला लावा. नियम बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या ग्राहकाचा अनुभव पुढच्याला सांगू नका. पहिला हप्ता घेण्याआधी लायसन्सच्या दोन्ही बाजू बघा : नाव, वर्ग, मुदत. ते अपुरं असेल तर तिथेच सांगा, लोक रागावणार नाहीत. आयडीपी निघायच्या निदान सहा-आठ आठवडे आधी काढायला लावा, पण एक वर्षाच्या मुदतीत सहल संपेल याकडेही लक्ष असू द्या. आणि परवान्याच्या कारणाने गाडी नाकारली तर पैसे परत मिळत नाहीत ही अट बारीक अक्षरात ठेवू नका. फोनवर, मराठीत, स्पष्ट सांगा.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. इथून पुढे आपल्या भागातून बाहेर जाणारी माणसं वाढणार, आणि गाडी स्वतः चालवत फिरायची हौसही वाढते आहे. ही हौस चांगली आहे, मला स्वतःला ती आहे. पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा होक्काइदोला जाणार आहोत. सासूबाई नको म्हणत होत्या, मी हट्टाने त्यांचं तिकीट काढायला लावलं. आमचं बुकिंग वाशीच्या त्या मुलीकडे आहे. माझं पहिलं आयडीपी तोवर संपत असल्याने तिने आम्हा दोघांना एप्रिलच्या शेवटी नव्याने अर्ज करायला सांगितलं आहे, आणि तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवली आहे.

तुमच्यापैकी जो कुणी हा रकाना छापेल त्याने त्या कोटेशनचा नमुना आमच्या सोसायटीच्या कार्यालयात आणून द्यावा. १२६ फ्लॅट आहेत. नोटीस बोर्ड माझ्याकडे असतो, मी तो लावीन.

आपली,
नौपाडा, ठाणे येथील एक ग्राहक